दोनशे कमांड पाठ, तरी मुलाखतीत गप्प

प्रश्न : मी सेलूची, नांदेडला बीएस्सी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सच्या दोनशे कमांड वहीत लिहून पाठ केल्या. मुलाखतीत ‘सर्व्हरची डिस्क भरली, आता काय कराल?’ असं विचारलं आणि मला काहीच सुचलं नाही. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, लाइट सारखी जाते. बाबा म्हणतात, कर्ज काढू पण पुण्याला क्लास लावू. लावावा का?

उत्तर : कर्ज आत्ता काढू नका. बाबांकडून तीन महिने मागून घे.

तुझ्या वहीत डिस्कची उरलेली जागा दाखवणारी डीएफ असेल, फोल्डरचा आकार मोजणारी डीयूही असेल. पण आधी कोणती चालवायची आणि तिचं उत्तर बघून पुढची कोणती, हे वहीत नसतं. मुलाखत घेणारा नेमकं तेच तपासत होता. म्हणून आधी तोच प्रश्न सोडवू. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं लहान लिपीतली, जिथे कॅपिटल हवं तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात ‘डीएफ -एच’ने. कोणतं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, भरलंय ते कळतं. तिथे जागा शिल्लक दिसतेय आणि तरी ‘जागा नाही’ असा एरर येतोय, तर ‘डीएफ -आय’ बघ. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो, आणि एक्सटी-४ या लिनक्सच्या फाइल-सिस्टिममध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. सेशनच्या किंवा मेलच्या रांगेतल्या लाखो बारीक फाइली साचल्या की गिगाबाइट उरूनही आयनोड संपतात.

समज, लॉग वगैरे जिथे साठतात ते ‘/वार’ भरलंय. मग (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /वार | सॉर्ट -एच’. शेवटच्या ओळीत ‘/वार’ची एकूण बेरीज येते, तिच्या लगेच वर सगळ्यात मोठं फोल्डर. त्यात शिरून पुन्हा हीच कमांड. ‘एक्स’मुळे मोजणी त्याच पार्टिशनपुरती राहते. सॉर्टला ‘-एच’च दे. ‘-एन’ दिलंस तर ते नुसता आकडा बघतं आणि ९०० केबीला २ जीबीपेक्षा मोठं ठरवतं.

खरी मेख पुढे आहे. डीएफ म्हणतं ४० जीबी वापरलेत, डीयूची बेरीज मात्र १२ जीबीच भरते. बाकीची जागा गेली कुठे? कुणीतरी मोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल, आरएमने उडवलेली असते, पण ज्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवलीय तो अजून चालूच आहे. फाइलचं नाव गेलं, जागा सुटली नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ चालवलं, यातला ‘एल’ कॅपिटल, की अशा फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्रॅम दिसतात. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. म्हणून चालू लॉग उडवू नये, ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामी करावी, आणि कायमसाठी जुने लॉग आपोआप आवरणारं लॉगरोटेट नीट लावावं. एवढं क्रमाने सांगता आलं तर समोरचा पुढचा प्रश्न उत्सुकतेने विचारेल.

सरावासाठी डेटा गावातलाच घे. बाजार समितीतले कापूस-सोयाबीनचे भाव महिनाभर एका सीएसव्ही फाइलमध्ये लिही : तारीख, आवक, भाव, माल. मग रकाने वेगळे करणाऱ्या ऑकला ‘-एफ,’ देऊन, यातला ‘एफ’ कॅपिटल, चौथा रकाना काढ, तो सॉर्टला दे, सॉर्टचं ‘युनिक -सी’ला, म्हणजे कोणता माल किती वेळा आला ते मोजलं जाईल. मधला सॉर्ट गाळून बघ, मोजणी चुकेल, कारण युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. भाव अवतरणचिन्हांत ‘७,२००’ असा लिहिला की ऑक त्या स्वल्पविरामावरही तोडतं आणि माल पाचव्या रकान्यात सरकतो. फाइल विंडोजवर बनवली असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर येतं. ‘माल बरोबर सोयाबीन’ ही अट मग एकाही ओळीला लागू होत नाही. ‘डॉस२युनिक्स’ चालवलं की सुटतं. या चुका स्वतः करून बघ. नोकरीत असंच निस्तरावं लागतं.

‘सातबारा उतारा’ अशा मोकळी जागा असलेल्या नावाच्या फाइली, फाइंडने शोधलेली नावं पुढच्या कमांडला देणारं एक्सआर्ग्ज दोन तुकडे करून वाचतं. म्हणून फाइंडला ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्जला ‘-०’ द्यायचं. फाइंडमधलं ‘-डिलीट’ नेहमी शेवटी. ते ‘-नेम’च्या आधी आलं तर नाव तपासण्याआधीच सगळं उडतं. आधी ‘-प्रिंट’ लावून यादी बघायची सवय ठेव.

लाइटचं म्हणशील तर राउटर बंद पडला की एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून केलेलं लॉगिन, तुटतं आणि सर्व्हरवर चाललेली कमांडही बहुतेक वेळा मरते. त्यासाठी जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं टीमक्स : ‘टीमक्स न्यू -एस काम’. हे सर्व्हरवर चालवायचं. बरेच जण लॅपटॉपवर चालवतात आणि मग उपयोग होत नाही. लाइट आली की पुन्हा लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच -टी काम’, काम चालूच दिसेल. मोठ्या फाइली आणायला ‘आरसिंक -एव्हीपी’, यातला ‘पी’ कॅपिटल. अर्धवट आलेला भाग राहतो, सुरुवातीपासून आणावं लागत नाही.

४ जीबी रॅम पुरते. लॅपटॉपवर हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपसह डेबियन हे लिनक्स टाक. आत ग्राफिक नसलेल्या डेबियनच्या दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे संगणक, कर, प्रत्येकी १ जीबीपेक्षा कमीच दे. एक सर्व्हर, दुसरं त्यात लॉगिन करायला. बिघडलं तर पुसून नवं.

नोकऱ्या टेक्निकल सपोर्ट, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, क्लाउड सपोर्ट अशा नावांनी निघतात. सुरुवातीला रात्रपाळी येऊ शकते, ते घरी आधीच बोलून ठेव. नुसत्या कमांडवर भागत नाही. आयपी, डीएनएस, पोर्ट, बॅश स्क्रिप्ट आणि गिट सोबत हवं.

प्रमाणपत्र हवंच असेल तर रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए परीक्षा बघ. पर्यायी प्रश्न नाहीत. प्रत्यक्ष मशीनवर कामं करायची, ३०० पैकी २१० गुण लागतात. इंटरनेट नसतं, मॅन पेज, म्हणजे मशीनवरच असलेली कमांडची माहितीपानं, असतात, म्हणून ‘मॅन -के’ने शोधायला आत्तापासून शिक. मशीन रीबूट झाल्यावरही केलेलं काम टिकलं पाहिजे. ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ने सर्व्हिस चालू केली, पण रीबूटनंतर ती आपोआप चालू करणारं ‘एनेबल’ विसरलं की गुण जातात. कोणती पार्टिशन जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधली एक चुकीची ओळ मशीन उठूच देत नाही, म्हणून रीबूटआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवायचं.

तीन महिन्यांनी तरी क्लास लावावासा वाटला तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचार : प्रत्येक विद्यार्थ्याला रूटसह, म्हणजे पूर्ण अधिकारांसह, स्वतंत्र मशीन मिळते का, आणि मुद्दाम बिघडवलेली मशीन दुरुस्त करायला देतात का. नुसतं पडद्यावर दाखवत असतील तर बाबांना कर्ज काढू देऊ नकोस.