पोरगी म्हणते डिफेन्सच करणार, बाबा म्हणतात चोरांना सोडवणार काय

मानेवाड्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, उन्हाळ्यात सेशन्स कोर्टातल्या एका सिनियर वकिलाकडे इंटर्नशिप केली आणि तेव्हापासून एकच धोशा, मी आरोपीच्या बाजूनं उभी राहणार. बाबा तिच्याशी धड बोलत नाहीत, म्हणतात टेक्निकल मुद्द्यावर खुनी सोडवायला फी भरली काय मी. आईचे तीन प्रश्न आहेत, यात पोट भरतं का, हे टेक्निकलवालं खरंय का आणि पोरगी यात सुरक्षित राहील का.

ताई, आधी दुसरा घेतो, कारण तुमच्या घरातलं भांडण त्या एका शब्दावरूनच चाललंय.

मी स्वतः चार वर्षं क्रिमिनल साइडला ज्युनियर होतो, मग सोडलं, काहून ते पुढे सांगतो. एकदा गांजाची केस होती. पाकिटावर लाखेचं सील, पंचांच्या सह्या, पंचनामा एकदम चकाचक. सिनियर मला एवढंच म्हणाले, मुद्देमाल रजिस्टरची (म्हणजे पोलिसांच्या जप्त मालाच्या वहीची) कॉपी काढ आणि कागदावर एकाखाली एक तारखा लिही. जप्ती पाच तारखेची, पाकीट लॅबला पोचलं तेवीसला, आणि मधले अठरा दिवस ते कुठं पडलं होतं याची रजिस्टरमध्ये एन्ट्रीच नाही, हवालदाराला उलटतपासणीत विचारलं तर तोही गप्प. मग लॅबनं तपासला तो गांजा याच माणसाकडचा हे कशावरून? आरोपी सुटला. बाबांना हे टेक्निकल वाटेल, पण उद्या तुमच्याच पोरीच्या स्कूटीच्या डिक्कीत कोणी काही टाकलं तर पहिला प्रश्न तेच विचारतील बघा, की मधल्या काळात माल कोणाच्या ताब्यात होता.

आता बाबांचं अर्धं म्हणणं बरोबर पण आहे, नुसत्या एका मुद्द्यावर मिळालेली सुटका टिकेलच असं नसतं. आपल्याच नागपूर खंडपीठाचं उदाहरण घ्या, दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. जी. एन. साईबाबांची केस, माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता. गडचिरोलीच्या सेशन्स कोर्टानं २०१७ मध्ये जन्मठेप दिली, १४ ऑक्टोबर २०२२ ला हायकोर्टानं सोडलं ते यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटल्यासाठी जी मंजुरी लागते ती नीट घेतली नव्हती म्हणून. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असून, सुप्रीम कोर्टानं तो निकाल थांबवला आणि एप्रिल २०२३ मध्ये केस परत नागपूरला पाठवली. मग दुसऱ्या बेंचनं सगळा रेकॉर्ड, जप्ती, इलेक्ट्रॉनिक पुरावा, मंजुरी, असं सगळंच पुन्हा तपासलं आणि ५ मार्च २०२४ ला परत निर्दोष सोडलं. या वेळी सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली नाही. तुमचं त्या केसबद्दल मत काहीही असो, मुलीनं दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावे, क्रिमिनल अपील म्हणजे काय ते कोणत्याही गाइडपेक्षा जास्त कळेल.

आणि तिला एक विचारा, तिला अपील आवडतंय की ट्रायल, म्हणजे खालच्या कोर्टातला मूळ खटला? पोरांना हायकोर्टातलं आर्ग्युमेंट लय भारी वाटतं, पण अपिलात शक्यतो नवीन साक्षीदार येत नाही, खाली रेकॉर्डवर जे आलं त्याच्यावरच भांडायचं असतं. म्हणजे साक्षीदाराला जो प्रश्न खालच्या कोर्टात विचारलाच नाही तो वर जाऊन आठवून काय फायदा. त्याच्याही आधीची कामं वेगळीच, अटकेची कारणं लेखी दिली का बघा, चार्जशीट गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आली नाही तर लगेच डिफॉल्ट बेलचा, म्हणजे त्याच कारणावरून हक्कानं मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज टाका (एक दिवस उशीर केला आणि चार्जशीट आली की हक्क गेला बाप्पा), मग डिस्चार्ज (खटला चालायच्या आधीच आरोपीला वगळायचा अर्ज), नाहीतर हायकोर्टात क्वॉशिंग (केसच रद्द करून मागणं). ज्याला दिवस मोजायचा कंटाळा आहे त्यानं या फंदात पडू नये.

एक गोष्ट मात्र तिच्या फायद्याची आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यामुळे वीस वर्षं मुरलेला वकीलही क्वॉशिंगसाठी अजून जुनं कलम ४८२ म्हणतो आणि मग जीभ चावून नवं ५२८ म्हणतो. जुन्या केसेस असल्यामुळे तिला दोन्ही नंबर पाठ लागतील, पण नव्यात सगळेच सारखे कच्चे.

आता पैसा. खरं सांगतो, पहिली तीन-चार वर्षं घरून पेट्रोल मागावं लागतं, मी त्यालाच कंटाळून सोडलं, वर आरोपीच्या बायकोनं मंगळसूत्र गहाण ठेवून आणलेली फी घ्यायला हात धजेना. आता त्यातल्या त्यात बरी सोय म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाची लीगल एड डिफेन्स कौन्सिल सिस्टीम, तिथं असिस्टंटच्या जागेला तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेले नवीन वकील घेतात, ठरलेलं मानधन मिळतं आणि ज्याला वकील परवडत नाही त्याची केस चालवायला मिळते. शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी दिसत नाही. पुढे मन बदललं तर एमपीएससीतून सरकारी वकील किंवा जज, आणि मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर जजच्या परीक्षेला तीन वर्षं प्रॅक्टिस लागतेच, म्हणजे ही वर्षं वाया जात नाहीत. हे बाबांना जरूर सांगा, सरकारी नोकरी ऐकलं की चेहरा सैल होतो.

सुरक्षिततेचं पण विचारलंत. तिला म्हणावं क्लायंटला घरचा पत्ता देऊ नको, भेटायचं ते सिनियरच्या ऑफिसात, आणि केस जिंकून देतो असं कधीच कोणाला म्हणायचं नाही, भानगडी तिथूनच सुरू होतात.

निर्णय घ्यायच्या आधी एवढं करा. बाबांना घेऊन एखाद्या मंगळवारी-बुधवारी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात जा, साधारणपणे कोर्ट सगळ्यांसाठी उघडंच असतं, मागच्या बाकावर बसता येतं, मोबाईल मात्र बंद. साक्ष चालू असलेलं कोर्ट शोधा, कोणता साक्षीदार आहे ते शिपायाला विचारलं की सांगतो. पंचाची उलटतपासणी मिळाली तर नशीब समजा. मुलीला शेजारी बसवा, पण तिला बोलू देऊ नका, बाबांनाच बघू द्या. डबा घेऊन जा, अकराला सुरू होईल म्हणतात ती साक्ष कधीकधी लंचनंतर होते.