थंडीत सकाळी थरथरणारी डिझेल व्हॅन

प्रश्न : माझी जुनी चार सिलिंडरची डिझेल व्हॅन थंडीत सकाळी सुरू होताच थरथरते, पांढरा धूर सोडते आणि दोन-तीन मिनिटांनी सुरळीत चालते. मेकॅनिक सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर बदलायला सांगतात. बदलावेत का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : इतक्यात बदलू नका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते आणि परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांखाली उतरला, की थंड सिलिंडरला हीटर प्लगची, म्हणजे विजेवर तापणाऱ्या छोट्या कांडीची, मदत लागते. एखादा प्लग निकामी असेल, तर तो सिलिंडर तापेपर्यंत नीट पेट घेत नाही आणि न जळलेले डिझेल डोळ्यांना झोंबणाऱ्या पांढऱ्या धुरावाटे बाहेर पडते. तुमची लक्षणे मला याच प्रकारची वाटतात. प्लगची वायर सोडवून मल्टीमीटरने रोध मोजून घ्यावा. चांगला प्लग साधारण १ ओहम दाखवतो, जळालेल्यातून प्रवाहच जात नाही. प्लग ठीक निघाले, तर त्यांना वीज सोडणारा स्विच, म्हणजे रिले, पाहावा. डिझेल फिल्टरवर हातपंप असल्यास पहाटे स्टार्टर मारण्यापूर्वी तो कडक होईपर्यंत दाबावा. त्याने फरक पडला, तर रात्रभरात डिझेलच्या नळीत हवा शिरत असावी. इंजिन तापल्यावरही थरथर राहिली असती, तर मी आधी इंजेक्टरच तपासायला सांगितले असते.