सब-आउट नसलेल्या ॲम्पला सबवूफर जोडायचा, तर वायर कुठून घ्यायची?

तुमचा प्रश्न असा: काकांकडून आलेला जुना स्टिरिओ ॲम्प, मागे स्पीकर ए, स्पीकर बी आणि रेकॉर्ड आउट, पण सबसाठी (सबवूफर, म्हणजे फक्त खोल बास वाजवणारा स्पीकर) वेगळं सॉकेट नाही. सब नवा, १० इंची, हॉल १२ बाय १०. दुकानदार म्हणतो, रेकॉर्ड आउटला लावा, चालतं.

नका लावू. मी लावून बसलोय. रेकॉर्ड आउट हे टेप डेकसाठी असतं. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी आवाज कमी-जास्त केला तर कॅसेटवर फरक पडू नये, म्हणून तिथला सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधीच बाहेर काढलेला असतो. एका रात्री साडेदहाला मी ॲम्पचा आवाज पार शून्यावर आणला. स्पीकर गप्प झाले, आणि सब एकटाच ढुम्म ढुम्म करत राहिला. खालच्या काकू जिना चढून आल्या तेव्हा मी सोफ्यामागे पालथा पडून त्याचं बटण चाचपत होतो.

आधी एक खात्री करा. सबला स्वतःची मेन्सची वायर आहे ना? नसेल तर तो पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प नसलेला. तसला सब स्पीकरच्या जोडीनं लावला तर ८ ओहमचं ओझं ४ वर येतं (दोघंही ८ चे असतील तर), आणि जुना ॲम्प तापून बसतो. गाडीतून काढलेल्या सबचंही तेच. पुढचं सगळं ॲक्टिव्ह सबसाठी आहे.

त्याच्या मागे ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ असं लिहिलेली चार टर्मिनल असतील. तुमचं काम तिथेच होणार. ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर आत्ताच्या वायरी तशाच ठेवायच्या आणि तिथूनच आणखी चार वायरी सबकडे न्यायच्या: डावा लाल डाव्या लालला, डावा काळा डाव्या काळ्याला, उजवीकडेही तसंच. स्पीकरला जाणारा आवाजच सबला मिळतो, त्यामुळे व्हॉल्यूम दोघांचा एकत्र वर-खाली होतो. सबच्या या इनपुटचा रेझिस्टन्स हजारो ओहमचा, त्यामुळे ॲम्पला वेगळं ओझं जाणवत नाही आणि साधी बारीक वायरही पुरते. सबवर ‘हाय लेव्हल आउट’ही असेल, ते रिकामं सोडा.

पण वायर लावण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. ॲम्प बंद, पिन भिंतीतून काढलेली, सगळ्या वायरी सुटलेल्या. दोन्ही काळ्या टर्मिनलमधला रेझिस्टन्स पाहा, मग प्रत्येक काळं टर्मिनल आणि आरसीए सॉकेटचं (टेप डेकच्या वायरी लागतात ते गोल सॉकेट) बाहेरचं कडं. सगळीकडे जवळजवळ शून्य आलं तर बिनधास्त जोडा. नाही आलं तर थांबा. काही ॲम्पमध्ये, विशेषतः आजकालच्या छोट्या क्लास डी डब्यांत, काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. सबच्या आत दोन्ही काळे एकत्र जोडलेले असतील तर ॲम्पचं आउटपुट जळेल.

वायरीची टोकं पिळून घ्या. एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला लागली तरी शॉर्ट. बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या पिना) मिळाले तर उत्तमच.

काही जुन्या ॲम्पच्या मागे ‘प्री आउट’ (व्हॉल्यूमनंतरचा सिग्नल बाहेर) आणि ‘मेन इन’ (तो स्पीकर चालवणाऱ्या भागात परत आत) मध्ये यू आकाराची धातूची पट्टी असते. तुमच्याकडे ती असेल तर तिथूनही आरसीएनं सब चालतो, फक्त पट्टी काढल्यावर वाय केबलचं (एकाची दोन टोकं करणारी केबल) एक टोक मेन इनला परत द्यायला विसरू नका, नाहीतर स्पीकर मुके होतात.

आता खरी मेहनत. सब कोपऱ्यात ठेवला की आवाज वाढतो, म्हणून सगळे तिथेच ठेवतात. पण १२ फुटांच्या लांबीला साधारण ४७ हर्ट्झवर, १० फुटांच्या रुंदीला ५६ च्या आसपास खोली स्वतःच घुमते, आणि कोपऱ्यातला सब त्या दोन्ही घुमण्यांना जास्तीत जास्त चेतवतो. आमच्या शोकेसमधला तांब्या अशाच एका सुरावर कण्हायचा. उपाय वेडगळ वाटेल, पण करून पाहा: सब उचलून सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, सलग बास असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथे बास भरीव पण सुटसुटीत ऐकू येईल, सबची जागा ती. घरचे हसतील, हसू द्या.

क्रॉसओव्हर, म्हणजे सबनं किती हर्ट्झपर्यंत वाजायचं ते ठरवणारा नॉब, ६० हर्ट्झपासून सुरू करा, कारण तुमचे स्पीकर तसेही बाससकट पूर्ण वाजणार आहेत. पुरुषाचा बोलण्याचा आवाज सबमधून येतोय असं वाटलं तर नॉब जास्त वर गेलाय. मग फेज, म्हणजे सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारा स्विच, ० आणि १८०, दोन्ही ठेवून पाहा. तुमच्या जागेवर बास भरेल तो ठेवा. मी यासाठी तबला लावतो. डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेला सूर चढत जाताना मध्येच फुगला किंवा खचला, तर सब आणि स्पीकर अजून जुळलेले नाहीत. गेन, म्हणजे सबचा स्वतःचा आवाज, शेवटी, आणि वाटतं त्याहून थोडा कमीच. सब बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं, चालू असताना तो कुठे आहे ते कळू नये.

गुणगुण ऐकू आली तर सब आणि ॲम्प एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिली तर सेट टॉप बॉक्सची केबल काढून पाहा, बरेचदा चोर तिथेच सापडतो. अर्थिंगची जाडी पिन मात्र कापायची नाही, कुणी इलेक्ट्रिशियनने सुचवलं तरी.

मीटरवर काय आकडे येतात ते इथे टाका, आणि ॲम्पच्या पाठीचा एक फोटोही. वायर त्यानंतरच लावा.