हरवलेला चेंडू आणि मागे खोळंबलेले लोक

तुमची गोल्फच्या फजितीची पोस्ट वाचली आणि माझा असाच एक दिवस आठवला. तुम्हाला नऊ होलना (खड्ड्यापर्यंतच्या नऊ टप्प्यांना) ३ तास, मागचे लोक हातवारे करतायत, आणि अकराव्यावरून तुम्ही खेळ सोडून घरी. ‘स्वस्तातले पब्लिक कोर्स नवख्यांसाठी नसतातच का?’ असं विचारलंय तुम्ही. अहो, पैसे भरून कुणालाही खेळता येणारी ही मैदानं नवख्यांसाठीच तर असतात! बुकिंग, बूट, कपडे यावर इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडतो.

तुमचा खेळ कच्चा म्हणून उशीर झाला, हे मला पटत नाही. होलमागे ८ फटके मारणाराही वेळेत संपवतो. वेळ खातं ते चेंडू शोधणं. ‘दोनदा परत टीवर जावं लागलं’ (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) हे तुमचं वाक्य वाचलं आणि दुखणं कळलं.

माझा चौथा होल होता. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारलेला चेंडू उजवीकडे गेला, पण झाडांच्या अलीकडे पडताना दिसला, म्हणून निर्धास्त चालत गेलो. रफ (कडेचं वाढलेलं गवत) घोट्याच्या वर. सेव्हन आयर्न या काठीने गवत विंचरत राहिलो. एक चेंडू सापडला, वाकून पाहिलं तर हिरव्या रेघेचा, दुसऱ्याच कुणाचा. शेवटी बॅग खांद्यावर टाकून २०० मीटर उलटा चालत टीवर आलो. तिथे चौघे थांबलेले. कुणी शब्द काढला नाही, एकाने फक्त ग्लोव्ह काढून खिशात ठेवला. त्यांच्यासमोर मारलेला फटका जेमतेम ३० मीटर गेला. पुढचे सगळे होल मी घाईत नासवले.

चूक एकच. टी सोडण्याआधी प्रोव्हिजनल चेंडू मारला नाही, म्हणजे पहिला सापडलाच नाही तर परत यावं लागू नये म्हणून तिथूनच मारायचा राखीव चेंडू. चेंडू हरवेल किंवा हद्दीबाहेर गेला असेल अशी नुसती शंका आली, तरी तिथेच दुसरा मारा. मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द सोबत्यांना ऐकू जाईल असा उच्चारा. ‘अजून एक मारतो’ एवढं म्हणून भागत नाही. तेवढंच म्हटलंत तर तोच तुमचा खरा चेंडू ठरतो, पेनल्टीसकट (दंडाच्या फटक्यासकट). पहिला हद्दीत सापडला तर त्यानेच खेळायचं. शोधायला ३ मिनिटंच मिळतात, २०१९ च्या आधी ५ होती. (चेंडू पाण्याच्या पेनल्टी एरियात गेलाय हे नक्की माहीत असेल तर प्रोव्हिजनल चालत नाही, तिथला मार्ग वेगळा.)

आता ज्याचा मला अजून राग येतो ते. प्रोव्हिजनल राहिलाच, तर परत न जाता चेंडू हरवला त्याच्या आसपास, अगदी फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेलाही, २ पेनल्टी घेऊन चेंडू ड्रॉप करू (हातातून खाली सोडू) देणारा स्थानिक नियम कोर्स लावू शकतो. टीवरचा फटका हरवला असेल तर पुढचा फटका चौथा. त्या कोर्सवर तो लागू होता! मी काउंटरवर स्पष्ट विचारलं होतं, पहिल्यांदाच आलोय, इथले काही वेगळे नियम आहेत का? ‘सगळं कार्डावर आहे.’ ते स्कोअरकार्ड मागितलं, तर संपलेली. एका वाक्यात सांगता आलं असतं. नवखा माणूस पैसे भरून येतो, त्याला एवढं सांगायला काय हरकत आहे? तुम्ही मात्र कार्ड हातात पडल्याशिवाय टीवर जाऊ नका.

चेंडूवर मार्करने स्वतःची खूण करा. चेंडू वापरलेलेच घ्या, महागडा हरवला की माणूस शोधत बसतो. आणि कृपा करून मागच्या टीवरून खेळू नका. ड्रायव्हरचा फटका १८० मीटर जात असेल तर त्याच होलची खड्ड्याच्या जवळची, पुढची टी तुमचीच, त्यात कमीपणा नाही. मागचे अगदी टेकलेच आणि पुढचा होल मोकळा असेल, तर बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या.

मी कोच नाही, रेफरीही नाही. हे सगळं मित्रांबरोबरच्या राउंडपुरतं. स्पर्धा असेल तर त्यांच्या कमिटीला विचारा.

पुढच्या वेळी ९ होलच घ्या, उतरत्या दुपारचे. बऱ्याच कोर्सवर त्या वेळी दर कमी असतो आणि गर्दीही. जाऊन आलात की चौथ्या-पाचव्या होलपर्यंत किती वेळ लागला तेवढं इथे कळवा.