उतरणीवर काळं पडलेलं नख

प्रश्न : कळसूबाई उतरल्यापासून अंगठ्याचं नख काळंनिळं पडलंय, ठणकतंय. सुईने टोचून रक्त काढू का?

उत्तर : घरी अजिबात टोचू नका, जंतुसंसर्ग होतो. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो, नख टोकावर आपटत राहतं आणि खाली रक्त साकळतं. ठणका सहन होत नसेल तर पहिल्या 48 तासांतच डॉक्टरांकडे जा. ते नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात, लगेच आराम पडतो. दुखत नसेल तर तसंच राहू द्या. नख सुटायला लागलं तर ओढू नका. सुटा भाग कापून पट्टी लावा. पू आला किंवा मधुमेह असेल तर थांबू नका. पूर्ण नख यायला 12 ते 18 महिने लागतात.

पुढच्या वेळी बुटात अंगठ्यापुढे सेंटीमीटरभर जागा हवी, आणि उतरण्याआधी घोट्याजवळची लेस आवळून बांधा.