न्यायाधीशपदाची निवडणूक

प्रश्न : फ्लोरिडात वकिली करणारी माझी पुतणी तिथल्या कौंटी (जिल्ह्यासारखा विभाग) न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी उभी राहतेय. प्रचाराला इथून थोडे पैसे पाठवले तर चालेल का? – एक काका, दादर

उत्तर : एक रुपयाही पाठवू नका. अमेरिकेच्या कायद्यानुसार परदेशी नागरिकाने तिथल्या कोणत्याही निवडणुकीला थेट वा आडमार्गाने देणगी देणे गुन्हा आहे. पुतणीच्या खात्यात ‘घरखर्चाचे’ म्हणून टाकलेले पैसे प्रचारात गेले, तर गोत्यात तीच येईल.

तिथे तिला स्वतःच्या तोंडाने देणगी मागायलाही बंदी आहे. ते काम तिच्या प्रचार समितीचे. देणगी मागणारे पत्र स्वतःच्या सहीने पाठवणेही चालत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उचलून धरला, आणि ते प्रकरण नेमके फ्लोरिडातलेच होते. पैसा घेण्याआधी खजिनदार नेमून प्रचाराचे वेगळे बँक खाते जाहीर करावे लागते.

आधी हे तपासा : ती अमेरिकेची नागरिक आहे ना? ग्रीन कार्ड पुरत नाही. त्या कौंटीतच राहते ना? फ्लोरिडा बारची (तिथल्या वकिलांच्या संघटनेची) पाच वर्षे सदस्य हवी (अगदी लहान कौंटीत ही अट सैल आहे). अर्जाचे शुल्क पदाच्या वार्षिक पगाराच्या चार टक्के. नाहीतर एक टक्का मतदारांच्या सह्या. पक्षाचे चिन्ह नसते. समोर कुणीच उभे नसेल, तर मतदानाविनाच सहा वर्षांची खुर्ची मिळते.

आपल्याकडे मात्र न्यायाधीश मतांवर निवडले जात नाहीत.