हडसन सॉफ्ट ही जपानी गेम कंपनी का बंद झाली आणि तिचे गेम आता कोणाकडे आहेत?

‘बॉम्बरमॅन’ काढणारी हडसन सॉफ्ट ही कंपनी इतके चांगले गेम बनवत असताना बंद का पडली आणि त्या गेमचे हक्क आता कोणाकडे आहेत, असे आपण विचारले आहे. थोडक्यात उत्तर असे की, आधी तिला कर्ज देणारी बँक बुडाली, मग कोनामी या मोठ्या कंपनीने तिचे समभाग टप्प्याटप्प्याने विकत घेतले आणि १ मार्च २०१२ रोजी ती कोनामीच्या एका उपकंपनीत विलीन झाली. पण एवढेच सांगून थांबलो, तर ही कंपनी काय योग्यतेची होती ते कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१८ मे १९७३ रोजी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, साप्पोरो शहरात, युजी आणि हिरोशी कुदो या भावांनी हडसनची स्थापना केली. सुरुवातीला ते हौशी रेडिओचालकांना लागणारी उपकरणे विकत असत. युजी यांना वाफेच्या इंजिनांचे विलक्षण वेड होते. ४-६-४ अशी चाकांची रचना असलेल्या इंजिनांना हडसन म्हणतात आणि जपानी रेल्वेचे प्रसिद्ध सी-६२ इंजिन त्याच जातीचे. कंपनीचे नाव तिथून आले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणक बाजारात येताच दुकानाचा कल त्या संगणकांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याकडे वळला. टोकियो-ओसाकापासून इतक्या दूरच्या शहरात हे काम उभे राहिले, याचे मला फार मोल वाटते.

निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे फॅमिकॉम हे यंत्र १९८३ मध्ये बाजारात आणले, तेव्हा त्याचे गेम निन्टेन्डो स्वतःच काढत असे. त्यावर प्रोग्रॅम लिहिता यावेत यासाठीचे ‘फॅमिली बेसिक’ हडसनने निन्टेन्डो आणि शार्प ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी यांच्यासोबत तयार केले आणि या ओळखीतूनच फॅमिकॉमसाठी गेम काढणारी पहिली बाहेरची कंपनी होण्याचा मान तिला मिळाला. जुलै १९८४ मध्ये ‘नट्स अँड मिल्क’ आणि ‘लोड रनर’ हे तिचे दोन गेम आले. ‘लोड रनर’ हा मूळचा अमेरिकन संगणकावरचा गेम. त्याच्या फॅमिकॉम आवृत्तीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. बाहेरच्या कंपन्यांनी फॅमिकॉमकडे धाव घेतली, त्यामागे या खपाचा मोठा वाटा होता.

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे मिळणाऱ्या टीव्ही गेमवर ज्यांनी खेळ खेळले, त्यांनी हडसनचे गेम नक्कीच पाहिले आहेत, फक्त त्यांना ते नाव ठाऊक नाही. ती यंत्रे फॅमिकॉमची नक्कल होती आणि एकाच कॅसेटमध्ये अनेक गेम भरताना नकला करणारे बहुधा पहिल्या पडद्यावरची कंपनीच्या नावाची ओळ पुसून टाकत. दोन पेंग्विनांचा गेम आठवत असेल: एकाला उजवीकडे नेले की दुसरा डावीकडे जातो आणि कोळ्यांच्या जाळ्यांतून वाट काढत दोघांनाही एकाच वेळी वरच्या हृदयाच्या चिन्हापाशी पोहोचवावे लागते. तो ‘बायनरी लँड’ हडसनचाच. ‘स्टार फोर्स’ आणि ‘अॅडव्हेंचर आयलंड’ हेही मूळ दुसऱ्या कंपन्यांचे खेळ हडसननेच फॅमिकॉमवर आणले होते.

‘अॅडव्हेंचर आयलंड’मधला टोपीवाला नायक ही खरी व्यक्ती आहे. हडसनच्या प्रसिद्धीचे काम पाहणारे तोशियुकी ताकाहाशी हे ‘ताकाहाशी मेइजिन’ (म्हणजे उस्ताद ताकाहाशी) या नावाने जपानी मुलांचे लाडके झाले, ते एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबण्याच्या त्यांच्या कौशल्यामुळे. १९८५ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत हडसन गावोगावी आपल्या गेमच्या स्पर्धा भरवत असे. दहा सेकंदांत बटण किती वेळा दाबले जाते, हे मोजणारे एक छोटे घड्याळही कंपनीने विकले.

माझ्या मते हडसनचे सर्वांत मोठे काम मात्र पीसी इंजिन हे गेम खेळण्याचे यंत्र होय. हडसनने रचलेल्या चिपांवर आधारलेले हे यंत्र एनईसी या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने ३० ऑक्टोबर १९८७ रोजी बाजारात आणले. त्यातील चिपांचे क्रमांक ‘एचयूसी-६२’ने सुरू होतात, म्हणजे सी-६२ इंजिन इथेही हजर आहे. गेम जाड कॅसेटऐवजी एटीएम कार्डाएवढ्या पातळ कार्डावर येत. डिसेंबर १९८८ मध्ये त्याला सीडी-रॉमची जोड मिळाली. सीडीवरून गेम चालवणारे हे पहिले घरगुती यंत्र. जपानमध्ये त्याने सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या प्रतिस्पर्धी यंत्राला मागे टाकले, परंतु अमेरिकेत त्याचा टिकाव लागला नाही आणि १९९४ मध्ये आलेले पुढचे यंत्र, पीसी-एफएक्स, जपानमध्येही चालले नाही.

त्यानंतर घाव बसला तो वेगळ्याच बाजूने. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकु ही बँक कोसळली. युद्धोत्तर जपानमध्ये एवढी मोठी व्यापारी बँक बुडण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि हडसनचा आर्थिक व्यवहार मुख्यतः याच बँकेवर अवलंबून होता. भांडवलासाठी कंपनीने २००० च्या डिसेंबरमध्ये समभाग बाजारात नोंदवले आणि ऑगस्ट २००१ मध्ये कोनामी तिची सर्वांत मोठी भागधारक झाली. २००४ मध्ये हिरोशी कुदो बाहेर पडले; २००५ मध्ये निम्म्याहून अधिक मालकी कोनामीकडे गेली; मुख्यालय साप्पोरोहून टोकियोला हलले. एप्रिल २०११ मध्ये हडसन पूर्णपणे कोनामीच्या मालकीची झाली आणि त्याच सुमारास ताकाहाशी यांनीही कंपनी सोडली.

बँक बुडाली नसती तर हडसन टिकली असती का? मला वाटते, तिची बाजू आधीच थोडी लंगडी झाली होती, कारण तिची उत्तम कामे इतरांच्या नावावर जात होती. पीसी इंजिन एनईसीचे म्हणून ओळखले गेले. ‘मारिओ पार्टी’ या गेममालिकेचे पहिल्यापासून आठव्यापर्यंतचे मुख्य भाग हडसनने बनवले, पण पात्रे आणि नाव निन्टेन्डोचे. त्या मालिकेतील फासे टाकून पुढे सरकण्याची गंमत हडसन १९८८ पासून ‘मोमोतारो देन्तेत्सु’मध्ये घोटत आली होती. आपल्या ‘व्यापार’सारख्या या खेळात खेळाडू आगगाडीने जपानभर फिरत स्थानकास्थानकावरच्या मालमत्ता विकत घेतात.

आता हक्कांविषयी. हडसनच्या स्वतःच्या मालिका कोनामीकडे आहेत. कोनामीने २०१७ मध्ये ‘सुपर बॉम्बरमॅन आर’ आणि २०२० मध्ये ‘मोमोतारो देन्तेत्सु’चा नवा भाग काढला, तसेच पीसी इंजिनची छोटी आवृत्तीही त्याच वर्षी विकली. ‘मारिओ पार्टी’ अर्थातच निन्टेन्डोची आहे. नवव्या भागापासून ती एनडी क्यूब ही निन्टेन्डोची उपकंपनी बनवते आणि तिथे हडसनमधून आलेली बरीच माणसे काम करू लागली. त्या कंपनीची एक शाखा साप्पोरोतच आहे.